कळव्याची लिंक वाढवली

१७ नोव्हेंबर, सोमवार

बुधवारी कळवा–डोंबिवली फायबर बंद ठेवायचीय. गटारवाल्यांनी खणताना केबल खरवडलीय, तुटायच्या आत जोडायची. वेळ दुपारची, डोंबिवली तेव्हा झोपलेली असते. रीत सोपी — कळव्याच्या एक्सचेंजमधून युजीनने या लिंकवरचे सगळे कॉल कल्याणमार्गे वळवायचे, मग इथे डोंबिवलीत मी वायर काढायची.

पण आमचे सबनीससाहेब 'बंद' म्हणत नाहीत. अशुभ! ते दिवा वाढवतात, दुकान वाढवतात. परवा कॉम्प्युटरसुद्धा वाढवला!

१८ नोव्हेंबर

युजीनचा फोन. 'मॅडम, उद्याचं लक्षात आहे ना?' तीन वर्षं रोज बोलतोय, अजून मॅडमच! महिनाअखेर त्याचं कंत्राट संपतंय. साहेबांचा शेरा चांगला आला तरच पुढे. नाही आला तर? लिहीतच नाही.

१९ नोव्हेंबर

देवा!

आम्ही तिघं एका फोनवर. साहेब म्हणाले, 'युजीन, लिंक वाढव.'

'किती वाढवू, साहेब?'

'किती काय? पूर्ण वाढव!'

जरा वेळाने — 'वाढवली, साहेब!'

'शाब्बास. दर्शना, काढ.'

काढली. आणि अर्धी डोंबिवली मुकी! पठ्ठ्याने कल्याणच्या वाटेवरचे कॉलसुद्धा आणून याच लिंकवर घातले होते. परत लावेपर्यंत एक आजोबा काठी आपटत हजर. 'रोज दुपारी लोनवाले फोन करून उठवतात. आज वाजला नाही, म्हणून जाग आली!'

२० नोव्हेंबर

साहेबांनी अहवालात लिहिलं — कळव्याच्या मुलाचा निष्काळजीपणा.

मी म्हटलं, 'साहेब, त्याच्या घरी दिवा वाढव म्हटलं तर वात वर करतात!'

'मराठी शाळेत शिकलाय ना?' म्हणे. बाथरूममध्ये जाऊन रडले. रागाने. फक्त रागाने नाही.

२१ नोव्हेंबर

ठाण्याहून करिश्मा मॅडम चौकशीला आल्या. युजीन मान खाली घालून — 'मना साहेब बोलले वाढव, मी वाढवली.' साहेब छताकडे बघत होते. मला राहवेना. म्हटलं, 'मॅडम, साहेबांनाच विचारा, शब्द काय वापरला?'

'वाढव,' साहेब पुटपुटले.

'मग त्याने काय केलं?'

'...वाढवली.'

मॅडमनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, 'मग ही चौकशी इथेच वाढवू या.'

साहेबांचा चेहरा पडला. 'अजून वाढवायची?'

मॅडमनी तिथेच साहेबांकडून चांगला शेरा लिहून घेतला. कंत्राट वर्षभर वाढलं. युजीनच्या अर्थाने!

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज कॉल नीट कल्याणमार्गे वळवले, केबल जोडली. साहेब चक्क 'बंद' म्हणाले, आणि लगेच टेबलाला हात लावून नमस्कार केला.

२५ नोव्हेंबर

जोडलेल्या लिंकवर तपासणीचा पहिला फोन, युजीनचा. 'आवाज येतो का, दर्शना?' आज 'मॅडम' नाही!

'येतो.'

'आपली ओळख वाढवायची?'

साहेबांसारखी की तुझ्यासारखी, मी विचारलं.

'माझ्यासारखी. पूर्ण.'