लाँचच्या इंजिनातलं पाणी

नवेगाव बांध, २१ नोव्हें. ५४

आजपासून मन्साराम तलावावरच्या खात्याच्या लाँचवर. माझा साळा. साहेबांनी माझ्याच शब्दावर मदतनीस म्हणून घेतला, म्हणजे ही भानगड मीच घरात आणली. सगुणा किती दिवस मागे लागली होती. "माया भावाले लावून द्या नं जी तुमच्या लाँचवर. गोंदियाच्या राईस मिलीत इंजन चालवलं हाये त्यानं." दिला लावून.

पहिल्याच दिवशी गंमत बघावी म्हणून हँडल त्याच्या हाती दिलं. एका झटक्यात इंजिन चालू. मला तीन-चारदा फिरवावं लागतं, तेही इंजिनाची मर्जी असली तर. बंधाऱ्यावर जाळी विणत बसलेले ढिवर हसले. मीही हसलो. काय करणार.

यापुढे त्याला नुसतं म. लिहीन. पूर्ण नाव लिहायची हौस नाही.

२४ नोव्हें.

म.ला संध्याकाळचं काम शिकवलं. बंद केल्यावर इंजिन आधी निवू द्यायचं. मग बोटीच्या तळाची चावी बंद करायची, म्हणजे तलावाचं पाणी आत येत नाही. मग इंजिनाच्या पोटाखालची तोटी उघडून आतलं सगळं पाणी काढून टाकायचं. सकाळी उलटं. तोटी बंद, चावी उघडी, इंजिन चालू, आणि बाजूच्या नळीतून धार पडते का बघायचं. धार पडली की इंजिनाला पाणी मिळतंय. नाही पडली तर लगेच बंद, नाहीतर तापून मरतं.

दोन हिवाळे हे एक दिवस चुकलं नाही माझ्याकडून. इंजिनासोबत आलेल्या पुस्तकात लिहिलंय, साहेबांनीच वाचून दाखवलं होतं, की थंडीत पाणी आत राहिलं तर गोठून इंजिन फुटतं.

म. म्हणतो, "नवेगावात बरफ कोठचा जी, भाऊजी? तं विलायतचं पुस्तक हाये."

माझी अक्कल काढली असती तर चाललं असतं. पुस्तकाला हसतो!

१ डिसें.

संध्याकाळी पाणी काढत होतो तेव्हा साहेब बंधाऱ्यावर फिरायला आलेले. तोटीतून लालसर, चहासारखं पाणी पडत होतं. म.ने संधी साधली. "साहेब, पानी काढलं का लोखंड आतून ओलं रायते अन् हवा लागते. उलटं जास्त जंगते. मिलीत आमी भरूनच ठेवत होतो."

साहेबांनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं. म्हणाले, "लडका समझदार है." आणि हुकूम, आजपासून भरून ठेवायचं, चावीला हात लावायचा नाही.

दोन वर्षांत मला कधी समझदार म्हटल्याचं आठवत नाही. एकदा "ठीक है" म्हणाले होते.

५ डिसें.

ढिवरांनी मोठी मरळ दिली. सगुणाने मधला तुकडा भावाच्या ताटात वाढला. माझ्या ताटात शेपटी. मी नुसतं बघितलं. तर म्हणते, "पावना हाये तो." पाहुणा! पंधरा दिवस झाले पाहुण्याला, अंथरूण माझं, कांबळ माझं, साबण माझा.

जेवताना इंजिनाच्या गोष्टी सांगत होता आणि ती हसत होती. लाँच पहिल्यांदा आली तेव्हा मीही तिला खूप काही सांगितलं होतं. तेव्हा ती तांदूळ निवडत "हो जी, हो जी" करत होती.

११ डिसें.

कचेरीतून कळलं. लाँचवर पुढल्या वर्षापासून एकच माणूस ठेवणार. तो मात्र कायम होणार. नागपूरचे बडे साहेब जानेवारीत तलाव बघायला येतील, त्यानंतर ठरेल.

म.ला सांगितलं नाही. त्याला आधीच माहीत होतं. साहेबांनीच सांगितलं म्हणे, आणि वर मला धीर देतो, "तुमीच रायसाल भाऊजी, तुमी जुने हा."

जुने म्हणजे काय, मी काय ढिवरांचा डोंगा आहे?

नोकरी गेली तर परत ठेकेदाराच्या लाकडाच्या ट्रकवर जावं लागेल. आठ-आठ दिवस जंगलात. नको. लाँच माझी आहे. कागदावर खात्याची, पण माझी.

१९ डिसें.

विशेष नाही. म.ला ताप यावा असं वाटलं. आला नाही.

२ जाने. ५५

थंडीने कहर केला. सकाळी तणसाच्या ढिगावर पांढरं पडलेलं. दव गोठलं होतं, बोटाने खरवडून पाहिलं. म.ला मुद्दाम नेऊन दाखवलं. "हे काय हाये रे?" तो म्हणाला, "एवढ्यानं इंजन नाई फुटत जी." त्याचंच खरं असेल. त्याचंच खरं असतं.

उद्या बडे साहेब येणार. आमचे साहेब म्हणाले, लाँच मन्साराम चालवेल, तू बंधाऱ्यावर थांब, चहापाण्याचं बघ. चहापाण्याचं! मी "जी" म्हणालो. 

संध्याकाळी म. घरी गेल्यावर मी लाँचवर गेलो. चावी बंद केली, तोटी उघडली, सगळं पाणी काढलं आणि तोटी परत लावली. पुस्तकात आहे तेच केलं. रात्री गोठलं असतं तर जबाबदार कोण?

म.ला सांगायचं राहिलं. राहिलं की ठेवलं, ते आता मलाही नीट

३ जाने.

बडे साहेब आले. सोबत दोघे आणखी. म.ने माझाच धुतलेला सदरा घातला होता, सगुणाने दिला. एका झटक्यात इंजिन चालू. साहेब लोक नेमके नळीच्या बाजूला बसले, त्यामुळे त्याला वाकून बघता आलं नसेल. घाबरलेलाही होता.

मी बंधाऱ्यावर किटली घेऊन उभा. लाँच वळली तेव्हा ती बाजू माझ्याकडे आली. नळी कोरडी. धार नाही.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. हातातली किटली खाली ठेवून दोन्ही हात हलवले असते तरी कळलं असतं. मी म्हटलं, बघेल तो, समझदार आहे.

तलावाच्या मध्यावर काळा धूर, मग पांढरी वाफ. म.ने डबा भरभरून तलावाचं थंड पाणी इंजिनावर ओतलं. सासऱ्यांचा धंदा बैलगाड्यांचा. चाकावर लोखंडी धाव लाल तापवून चढवतात आणि वरून पाणी ओततात, लोखंड आवळून घट्ट बसतं. त्याच्या हाताला तेच माहीत. आवाज मला इथपर्यंत आला. इंजिन वरून आडवं तडकलं.

बड्या साहेबांना ढिवरांच्या डोंग्यांत बसवून काठाला आणलं. बूट ओले. चहा कोणी घेतला नाही.

४ जाने.

म.चा उजवा हात वाफेने भाजलाय, कोपरापर्यंत. सगुणा खोबरेल लावते आणि रडते. मला म्हणाली, "तुमी असते लाँचवर तं असं झालं नसतं जी."

हे वाक्य तिच्या तोंडून ऐकावं म्हणून मी महिनाभर जळत होतो. ऐकलं, आणि उठून बाहेर गेलो. विनाकारण गाईला पाणी दाखवलं.

६ जाने.

साहेबांनी म.ला बोलावलं होतं. मी बाहेर व्हरांड्यात. आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेब म्हणाले, "तळाची चावी बंद होती. कोणी केली?"

मी भिंतीला टेकलो. ती चावी लावायची सवय एकट्या माझी, हे म.ला माहीत आहे. साहेबांनाही असावं.

म. म्हणाला, "मीच केली व्हती जी. थंडी लय व्हती म्हनून पानी काढलं. सकारी उघडाची भुललो."

 साहेब म्हणाले, जा.

बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. फडक्यात बांधलेला हात छातीशी धरून पुढे चालू लागला. मी मागून.

७ जाने.

सकाळी म. गावाला निघाला. अर्जुनीच्या रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. न राहवून विचारलं, "काऊन बोललास तसं?"

"बाईचं घर हाये जी." बाई म्हणजे सगुणा, त्याची थोरली बहीण. "तुमाले ट्रकवर धाडून मले लाँच कायले पायजे?"

पुढे थोडं चालल्यावर म्हणाला, "पन धार पडत नवती हे तुमाले बंधाऱ्यावरून दिसलं नसंल नं, भाऊजी?"

मी म्हटलं, "नाही रे. उन्हाने डोळे दिपले होते."

"हो नं. मले वाटलंच." आणि डाव्या हाताने माझ्या पाया पडला. उजवा वाकत नव्हता.

इतके दिवस हेवा केला तो त्याच्या हाताचा. इंजिन त्याचं ऐकतं याचा, मधल्या तुकड्याचा, साहेबांच्या एका शब्दाचा. आज त्याहून वाईट जळतोय. तो एवढा मोठा कुठून झाला? माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मिशी धड फुटलेली नाही, आणि मला माफ करून गेला. मागितली नव्हती मी. याचा राग येतो, मग रागाची लाज वाटते, मग परत राग.

दुपारी कचेरीचा शिपाई निरोप देऊन गेला. उद्या साहेबांनी बोलावलंय. मन्साराम म्हणतो ते बरोबर आहे का, एवढंच विचारायचंय. बरोबर म्हटलं की लाँचवर मी कायम, नवीन इंजिन येईल तेही माझ्याच हाती. त्याला मात्र कुठल्याही खात्यात कोणी उभं करणार नाही.

आत्ताच सगुणाने विचारलं, "उद्या साहेबाले का सांगसाल?"

म्हटलं, "विचारतील तेवढं सांगीन."

"मन्सारामसाठी एक शब्द टाकसाल नं जी? तुमचं आयकतेत ते."

हो म्हणालो. ती समाधानाने चुलीकडे गेली. शब्द तर एकच टाकायचाय, हो किंवा नाही. तो कोणता, हे मला अजून