छतावरची चुन्याची फुली

बाबा, तुम्हाले अन् आईले जय भीम.

मी बरी आहो, जेवणही वेळेवर होते. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही काम केलेल्या, आता बंद पडलेल्या कोळसा खाणीची आम्ही वारसा म्हणून नोंद करून राह्यलो. काल आत छतावर चुन्याची फुली दिसली. मी वहीत लिहिलं, 'कामगारांचं जुनं चिन्ह', अन् तिच्याच खाली उभी राहून दहा मिनिटं माप घेत होती.

बाहेर चहा पिताना आठवलं. आपल्या सैपाकघराच्या छताचा पोपडा सुटला, तवा तुम्ही अशीच फुली मारली होती. "हिच्या खाली कोणी बसाचं नाई," म्हणाले होते.

मी नोंद खोडून 'धोका' लिहिलं. साहेब म्हणतात, "इतकी वर्षं नाई पडलं, आता काऊन पडेल?" उद्या सकाळी फोटो काढाले मी नाई गेली, तर माह्यासोबत काम करणाऱ्या रंजीताले पाठवतील. तिले फुली कशाची, ते ठाऊक नाई.

बाबा, फुली मारलेलं छत किती दिवस टिकत होतं? हे पत्र पोहोचेल, तवा मी आत जाऊन आली असेन.

आईले फक्त वरच्या दोन ओळी वाचून दाखवा.

तुमची संघप्रिया