आईचा धवला, एकदम क्लीन

३ एप्रिल
ठरलं. आईच्या धवल्याची कॅसेट मीच कॉम्प्युटरवर घेणार. लेकीचा, सोनालीचा हट्ट आहे, आजीच्या आवाजातच मला हळद लागली पाहिजे. आई अख्ख्या कर्जत तालुक्यात लग्नाचे धवले गायची. ती गेली, आवाज उरला तो या एका कॅसेटमध्ये. आमच्याच लग्नात भरलेली. भिसेगावात मोबाइलचं दुकान असलेला मकसूद म्हणाला, माझ्याकडं द्या काका, संध्याकाळी घेऊन जा. उभी हयात मोहोपाड्याच्या कंपनीत मीटर सांभाळलेल्या माणसाला हे सांगतो!

५ एप्रिल
वायर आणली. बसेना. हल्ली वायरीसुद्धा नीट बनवत नाहीत. उद्या पहाटे उठून काम फत्ते.

८ एप्रिल
घरातूनच विरोध, तोही बायकोचा. शकू म्हणते, धवला मांडवाबाहेर वाजवायचा नाय. आई त्यात देवांना आवतान देतात. मांडव नाय, हळद नाय, आणि देव दारात येऊन उभे राहिले तर त्यांना काय सांगू, रेकॉर्डिंग चाललंय? शुद्ध अंधश्रद्धा. मी ठणकावून सांगणार होतो, पण ती भाकऱ्या थापत होती.

९ एप्रिल, दुपारी
तोडगा काढला. दुसरी वायर बसली. टेपचा आवाज पार शून्यावर केला. गाणं वायरीतून जाईल, देवांना पत्ता लागणार नाही. विज्ञान आणि धर्म दोन्ही सांभाळणारा माणूस विरळाच.
कॉम्प्युटरवर रेषा सरळ. जराही थरथर नाही. कंपनीत अशी रेषा आली की साहेब चहा पाजायचे. एकदम क्लीन काम. फाइलला नाव दिलं 'आई फायनल'.

१० एप्रिल
मकसूद भेटला. एकदा हेडफोन लावून ऐका तरी, म्हणे. म्हटलं, मांडवाआधी ऐकायचा नसतो, आमच्यात पद्धत आहे. शकूची अंधश्रद्धा अशी कधीमधी उपयोगी पडते.

१४ एप्रिल
चुलतभाऊ नागू आला. उन्हाळी भात दाण्यावर आलंय, पाखरं सोडत नाहीत. शेताभवती बांधायला कॅसेटची फीत हाय का रं, म्हणाला. सगळ्या कॅसेटी दिल्या, आईचीही. शकू म्हणाली, तेवढी एक तरी ठेवा. म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये आहे, पेनड्राइव्हवर आहे, अजून कुठे पाहिजे? जुनं कवटाळून बसणाऱ्यांपैकी मी नाही.

३ मे, सकाळी
आज हळद. पेनड्राइव्ह खिशात. मकसूदला मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवणार.

३ मे, संध्याकाळी
पेनड्राइव्ह लावला. बायका पदर सावरून बसल्या. आवाज नाही. सांगितलं, सुरुवातीला कॅसेट कोरीच असते. सगळे थांबले. सोनाली पाटावर डोळे मिटून बसली होती. मी स्पीकरवाल्याला झापलं. त्यानं दुसरं गाणं लावून दाखवलं, ते दणक्यात वाजलं. मकसूद खाली बघत होता.
सोनालीनं डोळे उघडले. पप्पा, आजी कुठंय, म्हणाली.
गाडी काढून थेट नागूच्या शेतावर गेलो. भात कापून झालेलं. फीत विचारली. बांधावर गोळा केली नि पेटवून दिली रं, म्हणाला.
परत आलो तोवर शकूनं येत होता तेवढा धवला म्हणून हळद लावली होती. बरा म्हणाली, असं बायका म्हणतात. मला ऐकायला मिळाला नाही.

६ मे
सोनाली सासरी गेली. पाया पडली नि गाडीत बसली.
मकसूद येऊन कॉम्प्युटर बघून गेला. ही फाइल रिकामी हाय काका, उगाच जागा खाते, काढून टाका, म्हणाला.
काढणार नाही. कॉम्प्युटर माझा, जागा माझी.
दुपारी आवाज पूर्ण वाढवून ऐकली. काही नाही. शकू येऊन शेजारी बसली. फाइल संपेपर्यंत दोघंही उठलो नाही.