जाऊबाईच्या हाताचा गुण

मंगळवार, दिवेलागण. धावडा.

लाली कोंबडी चार दिवसांपासून दाणा खाऊन न्हाई राह्यली. पिसं झडून मान पार उघडी पडली, त्यात हे ऊन. मी ओलं पोतं बांधून सावली केली, पाण्यात गूळ कालवला. तिनं चोच लावली न्हाई.

दुपारी थोरल्या जाऊबाई आल्त्या. न विचारताच लालीला मांडीवर घेतलं, ती उघडी मान ओल्या फडक्यानं पुसली अन् बोटानं थेंब थेंब पाणी पाजलं. लाली प्याली. मला बरं वाटायला पाहिजे होतं ना? वाटलं न्हाई.

"दोन दिवस माझ्याकडं ठिव. लिंबाखाली गार हाय," त्या म्हणल्या.

सासूबाई लगेच म्हणल्या, "दे की. तिच्या हाताला गुण हाय."

मंग माझ्या हाताला काय हाय? मी बिलकुल न्हाई म्हणाले.

त्या गेल्या अन् लालीनं परत पाणी पिणं सोडलं. ती उघडी मान जमिनीला टेकली, तवा मीच तिला टोपलीत घालून जाऊबाईकडं नेऊन दिली. त्यांनी टोपली घेतली.

परत येताना देवाला म्हणाले, लालीला वाचव. अन् लगेच मनात आलं, पण त्यांच्या हातून नको.