धोंड्याच्या महिन्यातले चार टायर

१८ मे, सोमवार
गाडीचे चारही टायर पार गुळगुळीत. नवे ऑनलाइन मागवले. सुरेखा म्हणाली, वाटूरला माझ्या भावाचं गॅरेज हाये, मच्छिंद्र फुकट बसवून देईन.

हेच नको आहे. धोंड्याचा महिना चालू आहे, ३१ला सासुरवाडीत जेवण. आत्ता टायर फुकट बसवून घेतले की सगळीकडे होणार, जावयाला धोंड्यात टायर बसवून दिले! मागच्या अधिकात साडूला, हरिओमला, अंगठी मिळाली होती. बरं, इथल्या गॅरेजवाल्याला पैसे द्यावेत तर मच्छिंद्र रुसणार.

निर्णय : स्वतःच बसवायचे.

२१ मे
टायर आले. व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस गाणं गुणगुणत बसवतो. सोपं आहे.

२३ मे, शनिवार
चारही चाकं एकदम खोलली. एकेक करत बसणं म्हणजे टाइमपास. गाडी विटांवर. जुना टायर रिमवरून निघेना. पहार घातली, वर उभा राहून नाचलो. शेवटी निघाला. अंगठ्याचं नखही निघालं. सुरेखानं विचारलं, आता तरी लावू का भावाला फोन? उगाच चिडवते.

२४ मे, रविवार
नवा टायर रिमवर चढला!! सायकलच्या पंपानं हवा भरली. जेवढी आत, तेवढी बाहेर. टायरच डिफेक्टिव्ह. कंपनीला सविस्तर तक्रार केली.

२८ मे
ऊन फार. काम स्थगित. चाकं रिक्षात घालून गॅरेजला नेता येतील, पण आमच्या मस्तगडात अख्खी गल्ली ओट्यावर बसलेली असते. शिवाय गाडी उभी असली की टायर झिजत नाहीत, हा फायदा कुणी बघत नाही.

३० मे, संध्याकाळ
सासूबाईंना फोन केला. पोट बिघडलंय, उद्या जमणार नाही. सन्मानानं सुटलो.

३१ मे, रविवार
सकाळीच मच्छिंद्राची पिकअप दारात. शेजारी सासूबाई झुंबरबाई, मांडीवर पुरणाच्या धोंड्यांचा डबा. दाजींना बरं न्हाई म्हणून आम्हीच आलो, म्हणाल्या. मग त्यांना गाडी दिसली.

मच्छिंद्र गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, दाजी, एवढंच व्हतं तर सांगायचं ना, घरचंच गॅरेज हाये, बिलकुल लाजायचं न्हाई.

दारातच पाट मांडून मला ओवाळलं. समोरच्या कांताबाईंनी विचारलं, जावयाला काय केलं यंदा? सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, टायर बसवून देऊन राह्यलो, चारी.

धोंडे सगळ्यांनी खाल्ले. मला पोटासाठी दहीभात.

संध्याकाळ
चाकं पिकअपमधून वाटूरला गेली. सुरेखाही गेली. चाकं तयार झाली की त्यांच्यासोबत येते, म्हणाली. मच्छिंद्राला घाई नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

रात्रीसाठीही दहीभातच ठेवून गेलीय.