दवातल्या शेळ्या

आत्याबाई, तुम्हाला उलट बोलायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि खरं बोलायचीही झाली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं लोटली, मीही सासू होऊन म्हातारी झाले, तेव्हा कुठे कागद घेऊन बसले आहे. बुद्धाची दीक्षा घेऊन, घरातले देव नदीत सोडून आपल्याला वर्षच झालं होतं. दर्यापूरकडचं आपलं गाव, दारात तुमच्या सहा शेळ्या. त्यांच्या दुधावर आणि पिल्लांवर ननंदेचं अमरावतीचं शिक्षण चाललं होतं. "दव वाळल्याबिगर शेळ्या सोडू नोको," एवढंच तुमचं मला सांगणं. पण तुम्ही कापूस वेचायला गेलात की मी भल्या सकाळीच त्यांना तळ्याकाठी न्यायची. तिथे माझ्या माहेरची एक जण धुणं धुवायला यायची. नव्या घरात मला बोलायला कोणी नव्हतं, आणि काठचं ओलं गवत शेळ्याही मान वर न करता खायच्या.

थंडी सरता सरता त्यांच्या जबड्याखाली पाणी उतरून पिशव्या लोंबायला लागल्या. दूध आटलं, दोघी गाभडल्या, पोटातली पिल्लं गेली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "देव सोडले ना तुमी? आता देवीले बोकडाचा नवस बोला." तुम्ही म्हणालात, "ज्याले मानतच नाही, त्याले काय बोलू?" पहिली शेळी मेली तेव्हा ढोरांच्या दवाखान्यातल्या डाक्टरांनी तिची कलेजी कापून दाखवली. आत पानासारखे चपटे जंत होते. "ओल्या गवतातून पोटात जातात हे. तळ्याकाठी चारता काय?" त्यांनी विचारलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही जी." लगेच तुम्ही म्हणालात, "माही सून खोटं नाही बोलत, साहेब."

औषधाला उशीर झाला होता. आणखी दोन गेल्या, उरलेल्या खाटकाने पडत्या भावात नेल्या. ननंद पेटी घेऊन घरी परतली आणि तुमच्या जोडीने वेचणीला जाऊ लागली. पुढे एक दिवस मी पाणी घेऊन येते आहे, आणि तुम्ही वेशीजवळ देवीच्या ओट्यापुढे उभ्या आहात. हात जोडलेले नाहीत, पण पायही निघत नाही. घरी आल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "माह्यं काही चुकलं असन काय व?" तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी चूल फुंकत राहिले. तुम्ही गेलात त्या सालीही तो प्रश्न तुमच्या तोंडी होता, आणि मी तुमचे पाय चेपत राहिले. त्याची लाज अजून गेलेली नाही.

तुमचं काही चुकलं नव्हतं. देवी नव्हती, आत्याबाई, मी होते.

हे ननंदेला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. काल ती अकोल्याहून आली. आपल्या नातीच्या कॉलेजचं कौतुकाने सांगत बसली, आणि मी कागद पिठाच्या डब्याखाली सरकवून चहा ठेवला.