वडिलांच्या मापाची सीट

सोमवार, २७ एप्रिल १९८७
पोचलो एकदाचा, आणि स्वारी भलतीच खुशीत आहे! बोलोन्याच्या बस डेपोतून चार आठवड्यांची रजा, मोदेनाबाहेर चेरीच्या बागांतलं हे घर, आणि गॅरेजात ताडपत्रीखाली ती. छप्पन सालची, निळसर करडी, दोन सीटांची शर्यतीची गाडी. इथल्याच एका छोट्या कारखान्यात पत्रा हाताने ठोकून घडवलेली. गॅरेजचं दार इतकं ठेंगणं की शिरतानाच कपाळ आपटलं.

वडील, अदेल्मो, फेब्रुवारीत गेले आणि जाताना गाडी माझ्या नावावर करून गेले. जिवंतपणी मला तिच्यात एकदाही बसवलं नाही. मी आठ वर्षांचा असताना आईला आणि मला सोडून ते इथे आले. रडकं पोर गाडीत नको, म्हणाले होते. मग एका रविवारी काय लहर आली, फिरवून आणतो म्हणून निरोप. मी नवे बूट घालून फाटकाशी उभा. गाडी आली आणि तशीच पुढे गेली. शेजारच्या सीटवर त्यांची टोपी होती.

माझी मिरेल्ला येत्या चोवीस मेला आठ वर्षांची होईल. त्या रविवारी तिला या गाडीतून फिरवायचं कबूल केलंय. करंगळीत करंगळी अडकवून तिने वचन घेतलंय. वडिलांच्या खणात एक कोरी वही मिळाली, तिच्यात कामाची नोंद ठेवीन.

गुरुवार, ३० एप्रिल
इंजिन ठणठणीत आहे. छळते आहे ती सीट. गुडघे स्टिअरिंगला घासतात, डावी बाजू खचलेली, पाठीत काहीतरी टोचतं.

हीच सीट तेव्हा कारखान्यात शिवणाऱ्या नीवेसबाई बघायला आल्या. वय शहात्तर, जीभ मात्र विशीतली. त्या कारखान्यात गिऱ्हाइकाला ओल्या प्लॅस्टरमध्ये बसवून सीटचं माप घेत. तुझा बाप नुसत्या चड्डीवर बसला होता आणि गारठलो म्हणून सगळ्यांच्या आया-बहिणी काढत होता, असं सांगून त्या खो खो हसल्या. मोटरसायकलवरून पडल्याने वडिलांचा डावा पाय दोन बोटं आखूड होता, म्हणून सीट त्या बाजूला खोल. तू हा असा ताडमाड! आण इकडे, उसवते आणि तुझ्या मापाची करते. गाडी तुझी, बूडही तुझंच, म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. आमच्याकडे जुनी गाडी नीट करायची म्हणजे मूळचा खिळाही बदलायचा नाही. बदलला की गावभर छी-थू. शिवाय खरं सांगायचं तर मला बापाला दाखवायचं होतं. त्याला फक्त सोडून जाता येत होतं, मला जसंच्या तसं उभं करता येतं.

नीवेसबाईंनी खांदे उडवले. मग बदलायला तूच तेवढा उरलास रे पोरा, म्हणाल्या.

बुधवार, ६ मे
मडगार्डचे पोचे काढले. क्लच लावताना दिवसभर सीटवर बसून होतो. गुडघे आता घासत नाहीत, सवय झाली असावी. पँट मात्र डाव्या टाचेखाली येते. कॉफीत तीन चमचे साखर घातली. मी साखर घेतच नाही.

सोमवार, ११ मे
रंग झाला. आरशाला हात लावावा लागला नाही, बसल्या बसल्या मागचा रस्ता दिसतो.
गावातल्या बारमध्ये पत्ते खेळणाऱ्या लेआर्कोच्या हातून पत्ते गळाले. मग हसून म्हणाला, रक्त कुठे जातंय? अदेल्मोच उभा आहेस की! पण मी तर आईच्या वळणावर गेलोय, जन्मभर सगळे तेच सांगत आले.
गॅरेजच्या दारातून आज सरळ आत गेलो. वाकलो नाही. आपटलोही नाही.

रविवार, १७ मे
बायको, ग्रात्सिएल्ला, मिरेल्लाला घेऊन आली. पोरगी आईच्या मागे लपली आणि बाबा कुठेत, असं मलाच विचारलं. ग्रात्सिएल्ला चिडली: लंगडायची नाटकं पुरे कर, लेक घाबरतेय. मिरेल्ला रडू लागली. मी ओरडलो — रडकं पोर गाडीत नको.
त्या निघून गेल्या. ते वाक्य माझं नव्हतं.

मंगळवार, १९ मे
नीवेसबाईंच्या पाया पडलो — उसवा ती सीट. कात्री घेऊन आल्या. पहिला टाका कापला तशी माझ्या बरगडीत कळ — शर्ट लाल.
त्यांनी कात्री खाली ठेवली, छातीवर क्रुसाची खूण केली. आता सीट उसवली तर तूच उसवशील, म्हणाल्या. आजच्या आज बोलोन्याला पळ.

गुरुवार, २१ मे
स्टेशनवर गेलो. तिकीट काढलं. गाडी फलाटाला लागली — आणि मी इथे. सीटवर. कसा आलो —
कुठेच टोचत नाही आता.
ग्रात्सिएल्लाला फोन केला. रविवारी मिरेल्लाला आणू नकोस, सांगायचं होतं. तोंडातून निघालं — आण, फाटकाशी उभी कर.

शनिवार, २३ मे
अक्षर डावीकडे कलतंय. माझं नाही हे —
मिरेल्ला. मिरेल्ला. मिरेल्ला. लिहून ठेवतो. फाटकाशी थांबायचं. ब्रेक. थांब —

रविवार, २४ मे
लख्ख ऊन. रस्ता कोरडा. गाडी झकास झाली आहे. इंजिन तापेपर्यंत दोन ओळी.
माझ्या वहीत कुणीतरी पानंच्या पानं खरडून ठेवलीयत. वाचत बसायला वेळ कुणाला आहे.
टोपी शेजारच्या सीटवर ठेवली.
फाटकाशी एक बाई आणि एक पोरगी. पायात नवे बूट. करंगळी वर धरून दाखवतेय मला. कुणाची कोण —
थांबावंसं वाटतं. का, कळत नाही. तिचं नाव — मागच्याच पानावर आहे — पान उलटलं की —
इंजिन तापलं. निघा—